२२.४ लिटरचा आकडा नेमका कुठे लागू पडतो?

‘३६ ग्रॅम पाण्याचे आकारमान किती?’ या प्रश्नाच्या एका उत्तरात ३६ ग्रॅम पाण्याचे २ मोल (१ मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कण) काढून, त्यांना २२.४ ने गुणून, पाण्याचे आकारमान ४४.८ लिटर असल्याचे सांगितले आहे. मोलपर्यंतची पायरी बरोबर आहे, पुढची मात्र नाही, कारण २२.४ लिटर हे मोलर आकारमान (एका मोलचे आकारमान) केवळ वायूंसाठी, आणि तेही ०° सेल्सिअस तापमान व १ वातावरण दाब असतानाच वापरता येते. द्रवरूप पाण्याचे आकारमान घनतेवरून काढावे लागते आणि ते जेमतेम ३६ मिलिलिटर भरते.

वायूंच्या उदाहरणातही दिलेली परिस्थिती आधी वाचणे आवश्यक आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार (१ वातावरणापेक्षा किंचित कमी) असा बदलल्यामुळे ०° सेल्सिअसला हे आकारमान सुमारे २२.७ लिटर येते, तर २५° सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला ते सुमारे २४.५ लिटर होते; अनेक पाठ्यपुस्तकांनी मात्र जुनाच आकडा कायम ठेवला आहे, आणि विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे बरेचसे मूळ तिथेच असावे.

कणांची संख्या काढताना याहून सूक्ष्म चूक होते. १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे रेणूंचा अर्धा मोल, अर्थात ३.०११ × १०^२३ रेणू. परंतु प्रत्येक रेणूत दोन अणू असल्याने अणूंची संख्या ६.०२२ × १०^२३ भरते. म्हणून नुसते ‘१ मोल ऑक्सिजन’ असे न लिहिता तो अणूंचा की रेणूंचा, हे प्रत्येक पायरीवर नोंदवावे.