निर्वासित आणि राज्यविहीनांविषयीचे देशोदेशींचे कायदे: तक्त्याचे रकाने कसे पाडावेत?

प्रश्न
निर्वासित आणि राज्यविहीन (कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या) व्यक्तींना कोणत्या देशाच्या कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, याचा तक्ता आम्ही तिघे जण तयार करत आहोत. प्रत्येक देशाला एक ओळ. करारातील सहभाग, रोजगार, शिक्षण, संचार आणि प्रवासाची कागदपत्रे असे रकाने. आणि प्रत्येक रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’, असा आराखडा होता. वीसेक देश भरल्यावर मात्र शंका येऊ लागली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा करारात सामील असलेल्या आणि नसलेल्या देशांच्या ओळी कधीकधी सारख्याच दिसतात, आणि कायदा जिथे काहीच बोलत नाही तिथे काय लिहावे हे कळत नाही. आराखडाच चुकला आहे का?

उत्तर १
आराखडा टाकून देऊ नका, पण ‘आहे/नाही’ने भागणार नाही. कराराचाच रकाना घ्या. अमेरिका १९५१ च्या करारात नाही, फक्त त्याला पूरक असलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलमध्ये आहे. तुर्कस्तान दोन्हींत आहे, पण युरोपातील घटनांमुळे आलेल्यांनाच निर्वासित मानण्याची भौगोलिक मर्यादा त्याने कायम ठेवली आहे. म्हणून तिथे सीरियातून आलेल्यांना २०१४ च्या नियमावलीखाली ‘तात्पुरते संरक्षण’ मिळाले, निर्वासिताचा दर्जा नाही. उलट युगांडाने करारातील अनेक कलमांबाबत अटी राखून ठेवल्या आहेत (म्हणजे ती कलमे पूर्णपणे स्वीकारलेली नाहीत), तरी त्याच्या २००६ च्या कायद्यात संचाराचा आणि रोजगाराचा हक्क लिहिलेला आहे. तेव्हा करार एका रकान्यात आणि देशांतर्गत कायदा दुसऱ्यात, कलम क्रमांकासह. कायद्याचे मौन ही स्वतंत्र नोंद ठेवा. मौन म्हणजे मनाई नव्हे. अनेकदा संविधानातील ‘प्रत्येक व्यक्ती’ एवढ्या दोन शब्दांवर निर्वासिताच्या मुलाचा शाळेचा प्रवेश टिकतो.

उत्तर २
राज्यविहीनांसाठी वेगळा तक्ता करा, असे मी आग्रहाने सांगेन. निर्वासिताला बहुधा नागरिकत्व असते, फक्त त्याचा देश त्याचे संरक्षण करत नाही; राज्यविहीनाला ते मुळातच नसते, आणि त्यासाठी त्याने सीमा ओलांडलेली असावी लागते असेही नाही. शिवाय ही अवस्था पुष्कळदा दोन कायद्यांच्या फटीत जन्मते: आईच्या देशात नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळते, बाळ जिथे जन्मले तिथे जन्मस्थानाला महत्त्व नाही आणि वडीलच राज्यविहीन. दोन्ही देशांच्या ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर त्यात हे बाळ कुठेच दिसत नाही. म्हणून राज्यविहीनता कमी करण्याविषयीच्या १९६१ च्या कराराप्रमाणे ‘अन्यथा राज्यविहीन ठरेल अशा, आपल्या भूमीवर जन्मलेल्या मुलाला’ नागरिकत्व देणारी तरतूद आहे का, हा रकाना सर्वांत आधी पाडा.

राज्यविहीनाचा दर्जा ठरवण्याची प्रक्रिया नुसती ‘आहे’ म्हणूनही भागत नाही. हंगेरीत ती २००७ पासून आहे, पण अर्ज करणाऱ्याचे वास्तव्य कायदेशीर असले पाहिजे अशी अट होती. ज्याच्याकडे कोणत्याच देशाचा कागद नाही, त्याने आधी कायदेशीर वास्तव्याचा कागद आणायचा! ही अट तिथल्या संविधान न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली.

उत्तर ३
अंमलबजावणीची माहिती कायद्याच्या रकान्यात मिसळू नये, अन्यथा तक्ता कधीच पुरा होणार नाही. न्यायनिर्णय मात्र घ्यावेत. शहरांत राहणाऱ्या निर्वासितांना छावण्यांत हलवण्याचा केनिया सरकारचा आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. केवळ अधिनियमाचा मजकूर वाचणाऱ्याच्या हाती हे लागणार नाही.

उत्तर २ (पुन्हा)
निर्वासितांच्या बाबतीत हे मान्य. पण राज्यविहीनांच्या दर्जाविषयीच्या १९५४ च्या करारातील व्याख्या ‘कोणतेही राज्य आपल्या कायद्याच्या अंमलानुसार जिला नागरिक मानत नाही अशी व्यक्ती’ अशी आहे. इथे अंमल व्याख्येतच बसलेला आहे. तो वगळला तर राज्यविहीन कोण हेच ठरवता येणार नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. दोन तक्ते करत आहोत, आणि अंमलाचा रकाना फक्त दुसऱ्यात ठेवला आहे. प्रत्येक नोंदीपुढे ‘या तारखेपासून’ असेही लिहीत आहोत, त्यामुळे हंगेरीच्या एकाच ओळीच्या आता दोन झाल्या आहेत.