मदत हवी आहे: भाऊ डॉक्टरांकडे यायला तयार नाही

धाकटा भाऊ, वय २९. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन दोन वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या तोवर कामावर नीट जायचा. दिवाळीनंतर "मला काही झालेलं नाही" म्हणून बंद केल्या. आता तीन आठवडे खोलीतच. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलीत. समोरच्या गच्चीवरची डिशची छत्री आपलं बोलणं ऐकते म्हणतो. आईच्या हातचं खात नाही, फक्त बंद पुड्यातली बिस्किटं.

त्याला कारण आम्हीच. आईने आमटीत गोळी कुटून घातली आणि त्याने ते पाहिलं. जेवणात काहीतरी घालतात हा संशय त्याला आधीपासून होता, तो आम्ही खरा करून दाखवला.

काका म्हणतात, चार माणसं बोलवा आणि उचलून गाडीत घाला. मावशीला लग्न हाच उपाय वाटतो. (नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जाऊन आलोय, कृपया देवाधर्माचे सल्ले नकोत.)

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. बाई मराठीत बोलल्या. भास खोटे आहेत हे पटवत बसू नका, त्याला स्वतःला कशाचा त्रास होतोय ते विचारा, म्हणाल्या. विचारलं. "झोप लागत नाही," म्हणाला. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू या का, म्हटल्यावर "बघू". इतक्या दिवसांत "नाही" सोडून हा पहिलाच शब्द, म्हणून आता घाईने काही बिघडवायची भीती वाटते.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा अजून नाही. तशी आली तर वाट बघणार नाही, सरळ सिव्हिलला नेणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ८९ वाचलंय: धोका असेल किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. नुसत्या बिस्किटांवर राहणं त्यात बसतं का?

सांगली-मिरजेकडे घरी येऊन तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ कोणाला माहीत आहेत का? गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन कोणाच्या घरी चालू आहे का, आणि पहिल्यांदा त्याला तयार कसं केलंत?

आणि ज्यांनी आपल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल केलं, त्यांना एक विचारायचंय. घरी आल्यावर तो तुमच्या हातचं जेवला का?