बाप्तिस्मा होऊन वर्ष होत आलं, पण तोंडातली शिवी आणि खिशातला मावा सुटेना

लेथवाला_कोल्हापूर:
सलाम सगळ्यांना. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, मागच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, घरातला पहिलाच मी. दारू त्याच्या आधीच सुटली, कशी सुटली मलाच कळलं नाही. पण तंबाखूचा मावा आणि शिवी दोन्ही चिकटून बसल्यात. आता कोल्हापुरात शिवी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, जिवाभावाच्या दोस्ताला हाक मारायची तरी पुढं एक लागतेच, त्यात राग नसतो. पण परवा मशीनवर केलेला जॉब, म्हणजे पार्ट, रिजेक्ट झाला आणि मी हाताखालच्या पोराला आईवरनं बोललो. १९ वर्षांचं पोरगं, नुसतं बघितलं माझ्याकडं आणि म्हणालं, "दादा तुम्ही चर्चला जाता न्हवं?" तवापासनं जेवण गोड लागेना. रविवारी गीत म्हणताना पण गालात मावा होता. माझ्या बाप्तिस्म्यादिवशी पाळकांनी बायबलमधलं २ करिंथ ५:१७ वाचलेलं, ख्रिस्तात आहे तो नवी उत्पत्ती, जुनं होऊन गेलं. माझं तर जुनं गेलंच नाही, मग मी घेतलेलं खरं का खोटं?

रंकाळा_काका:
बाळा, खोटं असतं तर जेवण गोडच लागलं असतं तुला. मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, आमचं घराणं त्या मिशनच्या काळापासनं चर्चमध्ये, आणि मी चौथ्या पिढीचा ख्रिस्ती असून सिगरेट ५२ व्या वर्षी सोडली. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ, येशूच्या मागं सगळा गालील पायी हिंडलेला माणूस, आणि महायाजकाच्या अंगणात शेकोटीजवळ अडचणीत आल्यावर, मी येशूला ओळखतच नाही म्हणत शाप द्यायला आणि शपथा वाहायला लागला, मार्क १४ मध्ये आहे. कोंबडा आरवला तेव्हा ढसाढसा रडला. पुढं योहान २१ मध्ये प्रभूनं त्याला काय विचारलं? "तोंड सुधारलं का" नाही विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, ते पण तीनदा, आणि प्रत्येक वेळी मेंढरं सांभाळायला सांगितलं.

मिरजेची_सिस्टर:
दादा, मी नर्स आहे, मावा आणि शिवी एका मापानं मोजू नका. माव्यात सुपारी, चुना आणि तंबाखू, शरीराला निकोटिनची सवय लागलेली असते, सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड, झोप नाही, मग हळूहळू उतरतं. हा तुमच्या विश्वासाचा कमीपणा नाही. प्रार्थना करा आणि १८००-११-२३५६ ला फोन पण करा, तंबाखू सोडवायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर आजच डॉक्टरला दाखवा, प्लीज.

शाहूपुरी_९:
माझं मत, कट्टाच सोड भावा. जुने दोस्त असतील तोवर जुनं तोंड राहणार.

नवा_अंगरखा:
शाहूपुरी, मला नाही पटत. येशू स्वतः जकातदारांच्या पंगतीला बसला, लोकांनी नावं ठेवली तरी. पहिले काही दिवस माव्याच्या टपरीवर थांबू नको एवढं ठीक, पण दोस्त टाकले की ते म्हणणार हा ख्रिस्ती झाला आणि शिष्ट झाला, आणि त्यांचं चुकणार पण नाही. लेथवाले, पौलाच्या इफिसकरांस पत्राचा ४ था अध्याय सावकाश वाच. जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, हे कपड्याचं बोलणं आहे, आणि पौल हे विश्वास ठेवलेल्या लोकांनाच लिहितोय, म्हणजे त्यांचं पण सगळं एका दिवसात सुटलेलं नव्हतं. शिवाय नुसतं काढ म्हणून थांबत नाही. चोरी करणाऱ्यानं चोरी सोडावी आणि हातानं कष्ट करावेत, का, तर गरजवंताला द्यायला जवळ काहीतरी असावं. कुजकं बोलणं सोडावं आणि ऐकणाऱ्याचं भलं होईल असं बोलावं. मी शिवी नुसती गिळायला बघायचो तेव्हा ती दुपारपर्यंत दुप्पट होऊन बाहेर पडायची. मग ठरवलं, ज्याच्यावर तोंड सुटलं त्याच्याच कामाचं एक चांगलं त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं. लई अवघड जातं, पण त्यानं फरक पडला. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं पण लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणून सांगितलं, नुसतं "चुकलं" म्हणून सुटला नाही. त्या पोराची माफी मागितलीस का?

लेथवाला_कोल्हापूर:
नाही मागितली. चहा पाजला त्याला दुसऱ्या दिवशी, पण तोंडानं बोललो नाही, सिनियर आहे ना मी. शिवी सगळ्या शॉपसमोर दिली होती, तर माफी पण तिथंच मागायला पाहिजे. काका, सिस्टर, सगळ्यांना सलाम. उद्या पहिली पाळी आहे, मशीन चालू करायच्या आधी बोलतो त्याच्याशी. फोन पण लावतो. प्रार्थनेत ठेवा.