एमएससाठी परदेशात स्टेम सेल करावं का? दसऱ्याला जमिनीचा इसार आहे

द्राक्षबागवाला (दिंडोरी रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. वय 31, सासर नाशिकलाच सिडकोत, लग्नाला तीन वर्षं झाली. 2021 मध्ये तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, डोळा फिरवला की दुखायचा. नंबर वाढला असेल म्हणून आम्ही महिना घालवला. मग एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस निघालं. फाइलीवर रिलॅप्सिंग-रिमिटिंग लिहिलंय, म्हणजे अटॅक येतो, मग ओसरतो. दोन वर्षं डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल चालू आहेत, तरी गेल्या बारा महिन्यांत दोन अटॅक आले. दुसऱ्यात कमरेखाली बधिर झालं, पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड द्यावं लागलं. आता चालते, पण जिना उतरताना कठडा सोडत नाही. गणपतीत मोदक वळायला बसली तर पारी किती पातळ झाली ते बोटांना कळेना. तीन मोदक फुटले. मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

आमचे डॉक्टर रिटुक्सिमॅब सुरू करू म्हणतात. मध्येच एका एजंटने परदेशातल्या एका क्लिनिकचं पत्रक दिलं: नाळेतल्या स्टेम सेल, दोन इंजेक्शनं शिरेतून, दोन मणक्यातून, दहा दिवसांत घरी, 24 लाख. 'केमो नाही, साइड इफेक्ट नाही' असं ठळक अक्षरात छापलंय. भाच्याने मेक्सिको आणि रशियाचं शोधून काढलंय, तिथे म्हणे केमो देतात. मला तर दोन्ही एकच वाटत होतं.

पैशासाठी दोन एकर बाग काढतोय. गिऱ्हाईक दसऱ्याला इसार द्यायला तयार आहे. छाटणी तोंडावर आलीय, खर्च करायचा की बाग तशीच द्यायची तेही ठरेना. कुणी स्वतः जाऊन आलंय का?

इंदिरानगरची (नाशिक)

दादा, मी जाऊन आले आहे. मॉस्को, 2018, तेव्हा मी 36 वर्षांची होते. इसार घेण्याआधी हे एकदा नीट वाचा आणि बहिणीलाही वाचायला द्या.

तुमच्या हातातल्या दोन गोष्टी एक नाहीत. नावात तेवढं स्टेम सेल सारखं. मी केलं त्याला एचएससीटी म्हणतात. त्यात औषध म्हणजे केमो, पेशी नव्हेत. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते, म्हणून ती प्रतिकारशक्ती केमोने जवळपास पुसून टाकायची आणि आधी काढून ठेवलेल्या आपल्याच रक्तपेशी परत सोडायच्या, म्हणजे रक्त लवकर उभं राहतं. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, तुमच्या भाषेत सांगायचं तर ही एप्रिलची खरड छाटणी आहे. सगळं कापून नवी फूट घ्यायची. पण वाळलेल्या ओलांड्याला फूट येत नाही, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्या मज्जातंतू मेल्या त्या यातून परत येत नाहीत. म्हणून हे आजार पेटलेला असताना करतात, अटॅक येत असताना, माणूस चालता असताना. वर्षानुवर्षं सावकाश खालावत गेलेल्यांना फायदा कमी.

पत्रकातलं प्रकरण वेगळं. नाळेच्या पेशी टोचून एमएस थांबतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. 'केमो नाही' ही त्यांची जाहिरात आहे, पण केमो नाही म्हणजे मूळ उपचारच नाही.

आता माझं सांगते. एकूण महिनाभर तिथे होते, नवरा बरोबर. पहिले काही दिवस नुसत्या तपासण्या. मग जी-सीएसएफची इंजेक्शनं, म्हणजे हाडांच्या मगजातून पेशी रक्तात उतरतात. तेव्हा कंबर आणि छातीचं हाड आतून ठणकतं, बाळंतपणाच्या कळांसारख्या लाटा येतात. मानेत नळी घालून मशीनवर चार-पाच तास रक्त फिरवलं. वजनाच्या दर किलोमागे निदान 20 लाख पेशी लागतात. माझ्या पहिल्याच दिवशी भरल्या. त्या गोठवून ठेवल्या. मग चार दिवस सायक्लोफॉस्फामाइड, हीच ती केमो, सोबत एटीजी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी मारणारं औषध. एटीजीच्या पहिल्या बाटलीला असा हिव भरला की पलंग वाजत होता.

पेशी परत दिल्या तो दिवस मात्र शांत. गोठवताना त्यात एक द्रव घालतात, त्याचा वास खोलीभर पसरतो, उकडलेली कणसं आणि लसूण एकत्र. माझ्या तोंडातही तीच चव. नवऱ्याने मास्कवर रुमाल धरला आणि माझा हात धरून बसला. त्यानंतर पांढऱ्या पेशी शून्यावर. बंद खोली, बाहेरचं काही नाही, केस उशीवर झुपक्याने. दहाव्या-अकराव्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन आल्या, त्यावरचा आकडा शून्य नव्हता. मी घरी आईला फोन लावला आणि दोघींनाही बोलता येईना.

सात वर्षं झाली. एकही अटॅक नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही. डावं पाऊल जाण्याआधी घासायचं तसंच अजून घासतं. ते परत आलं नाही. थायरॉइडची गोळी मात्र नव्याने लागली, ती या उपचाराच्या मागे लागू शकते असं मला आधीच सांगितलं होतं. खर्च तेव्हा सगळं धरून 36 लाखांच्या आसपास आला.

भाच्याने मेक्सिको म्हटलं ते बहुतेक पुएब्ला. तिथे रुग्णाला फ्लॅटवर ठेवून ये-जा करत उपचार देतात आणि घरच्या माणसाला चोवीस तास सांभाळावं लागतं. तुमच्यातलं कोण जाणार, ते आधी ठरवा. भारतातही काही मोठ्या रक्तविकार विभागांत एमएससाठी हे झालेलं आहे. परदेशाचं तिकीट काढण्याआधी मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करणाऱ्या हिमॅटॉलॉजिस्टला आणि एमएस बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला, दोघांनाही भेटा. आम्ही एकालाच भेटलो होतो.

धोका लपवत नाही. 1995 ते 2006 मध्ये ज्यांचं झालं अशा 281 रुग्णांच्या नोंदींत पहिल्या शंभर दिवसांत 8 जण गेले. त्यांत पुष्कळ जण आजार फार पुढे गेलेले होते. आता निवड काटेकोर झालीय, हातखंडा आलाय, मृत्यू पुष्कळ कमी झालेत. पण शून्य नाहीत. फायद्याचा आकडाही सांगते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 110 रुग्ण होते, निम्म्यांना प्रत्यारोपण, निम्म्यांना औषधं. प्रत्यारोपणवाल्यांत तिघांचं अपंगत्व वाढलं, औषधवाल्यांत 34 जणांचं. मात्र त्या औषधांत ऑक्रेलिझुमॅब नव्हतं, आणि तुमचे डॉक्टर म्हणतात ते रिटुक्सिमॅब त्याच जातीचं, बी पेशींवर काम करणारं. म्हणजे बहिणीचं जोरकस औषध अजून वापरलंच गेलेलं नाही. मला ते तेव्हा कुणी सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर मी आधी तेच केलं असतं.

आणि एक गोष्ट भाऊ म्हणून तुम्हाला विचारायला अवघड जाईल, म्हणून मीच लिहिते. त्यांना मूल हवं आहे का? या केमोने पाळी कायमची जाऊ शकते. माझी गेली. मला मुलगी होती, तरी ते पचवायला वर्ष गेलं. बीजं गोठवून ठेवायची तर केमोच्या आधी, आणि त्याला वेळ लागतो. हे तिच्याशी वहिनींना बोलू द्या.

निवृत्त प्रेसवाला (नाशिक रोड)

वरच्या ताईंनी लिहिलं ते नीट वाचा. आम्ही पत्रकवाली चूक केली आहे. माझ्या मिसेसचा आजार दुसऱ्या टप्प्यात गेला होता, अटॅक बंद, पण पाय दर वर्षी थोडे थोडे जात होते. पीएफ काढून परदेशात मणक्यातली इंजेक्शनं घेतली. नाव लिहीत नाही. पहिले तीन आठवडे ती म्हणायची बरं वाटतंय, आणि मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. सहा महिन्यांनी वॉकर आला. तक्रार केली तर म्हणाले आणखी दोन डोस घ्या. बाटलीत नेमकं काय होतं, किती पेशी होत्या, याचा एक कागद आमच्याकडे नाही.

तुम्ही एजंटला एवढंच लेखी मागा: पेशी कोणाच्या, किती, कुठल्या लॅबमध्ये तयार झाल्या, आणि ताप आला तर रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर बघणार.

पंचवटी_एक्सप्रेस

थोडक्यात एक भर. माझ्या आतेबहिणीलाही डोळ्यापासूनच सुरुवात झाली आणि दोन वर्षं एमएस म्हणून उपचार झाले. नंतर रक्तात मॉग अँटिबॉडी सापडली, आजारच वेगळा निघाला आणि औषध बदललं. तुमच्या बहिणीची एक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन्ही अँटिबॉडींची तपासणी झालीय का, फाइलीत बघा. साधी रक्ताची तपासणी आहे, लाखांच्या गोष्टी करण्याआधी झालेली बरी.

द्राक्षबागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल काढून बसलो. एक्वापोरिन निगेटिव्ह आहे, मॉग केलेलीच नाही. उद्या रक्त देतोय.

काका, तुमचे प्रश्न एजंटला पाठवले. 'समक्ष भेटा, सगळं सांगतो' एवढंच उत्तर आलं. मी नाही म्हणून कळवलं.

बहिणीला हे सगळं वाचायला दिलं. मुलाचं वाचून ती बराच वेळ गप्प बसली, मग मिसेसबरोबर आतल्या खोलीत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, बाग विकायची नाही आणि मला विचारल्याशिवाय माझं काही ठरवायचं नाही. चुकलंच माझं, चार महिने मी तिला न विचारता पळत होतो. गिऱ्हाइकाला दसऱ्याचं नाही म्हणून सांगितलंय. छाटणीचे मजूर सोमवारी येतील.

ताई, एक शंका. रिटुक्सिमॅब लागू पडलं नाही आणि पुढे मागे हे करायची वेळ आलीच, तर नंतर ती बागेत येऊ शकेल का? तिला कामाची फार आवड आहे.

इंदिरानगरची (नाशिक)

येईल, पण लगेच नाही. मला पहिले सहा महिने मातीत हात घालायला, कुंडीला पाणी घालायलासुद्धा मनाई होती, बुरशीचा धोका असतो. कच्चं काही नाही. माहेरची द्राक्षं घरात आली की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. बाळाच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, त्यातल्या जिवंत लसी निदान दोन वर्षं थांबून. फवारणीच्या दिवशी तर लांबच राहायचं. दुसऱ्या हंगामात मी घड तोडायला गेले होते, सकाळचे दोन तास.

रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी करून घ्या. लसी राहिल्या असतील तर त्याही आधीच घ्या, नंतर त्या नीट लागू होत नाहीत. मूल कधी हवं हेही डॉक्टरांना आत्ताच सांगा, त्यावर डोसची वेळ ठरते.

बहिणीला माझ्याकडे घेऊन या. ती बोलेल, तुम्ही बाहेर बसा. जुन्या एमआरआयच्या सीडीही आणा, नुसते रिपोर्ट नकोत. मुंबईला जाल तेव्हा त्या लागतीलच, कुठली आधीची कुठली नंतरची ते लावून देते. अकराच्या आत या. ऑक्टोबरच्या उन्हात माझा पाय जड होतो आणि तिलाही तो त्रास असणार.