शब्दचर्चा: ‘समायोजन’, ‘ले-ऑफ’ आणि आयातीमुळे काम गेलेला कामगार

प्रश्न: परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्या कामगारांसाठीच्या अमेरिकेच्या ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ योजनेची माहिती मराठीत लिहायची आहे. ‘व्यापार समायोजन सहाय्य’ चालेल का? ‘ले-ऑफ’, ‘पिटिशन’ आणि ‘अलाउन्स’ यांना काय म्हणावे?

पहिला प्रतिसाद: ‘समायोजन’ नको. मराठी वाचकाच्या कानावर हा शब्द ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ अशा बातम्यांतून पडतो. तिथे त्याचा अर्थ एका जागेवरून काढून दुसऱ्या जागेवर सामावून घेणे, म्हणजे नोकरी शाबूत. ही योजना कोणालाही दुसरी नोकरी देत नव्हती. प्रशिक्षणाचा खर्च, शिकण्याच्या काळात आठवड्याचे पैसे, परगावी काम शोधायला आणि बिऱ्हाड हलवायला मदत, एवढाच तिचा आवाका. बदललेल्या व्यापाराशी जुळवून घ्यायचे ते कामगारानेच.

‘प्रकल्पग्रस्त’, ‘धरणग्रस्त’ या चालीवर ‘आयातग्रस्त कामगार साहाय्य’ मला जवळचे वाटते. ‘ग्रस्त’ म्हटले की दाखला आला, आणि इथेही सगळे काम आयातीने गेल्याच्या सरकारी दाखल्यावरच अडत असे. (‘सहाय’ म्हणजे मदत करणारा, ‘साहाय्य’ म्हणजे मदत, म्हणून ‘साहाय्य’ लिहावे.)

दुसरा प्रतिसाद: ‘आयातग्रस्त’ अपुरा पडतो. मालक उत्पादन परदेशी हलवतो तेव्हाही दाखला मिळू शकत असे. बाधित कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांचे कामगारही, अटी पुऱ्या झाल्यास, योजनेत बसत. ‘व्यापारबाधित’ घ्या. ‘ग्रस्त’मध्ये पिडलेपणाची छटा आहे, कायदा पाहतो ते कारण. त्यातही शब्द जपून वापरा. १९६२च्या मूळ कायद्यात आयात हे नुकसानीचे मुख्य कारण ठरावे लागे, आणि १९६९पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४च्या कायद्याने ‘महत्त्वाचा हातभार’ पुरेसा मानला. तो इतर कारणांपेक्षा मोठा असण्याची गरज उरली नाही. म्हणून १९७४नंतरच्या मजकुरात ‘आयातीमुळेच काम गेले’ असे लिहू नका. त्या ‘च’ने अट आहे त्याहून कडक होते.

तिसरा प्रतिसाद: सर्वांत मोठी चूक ‘ले-ऑफ’मध्ये होते. ‘कंपनीने ८० कामगारांना ले-ऑफ दिला’ हे वाक्य मराठी कामगार काय म्हणून वाचेल? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने आपल्याकडे रूढ झालेला ले-ऑफ तात्पुरता असतो. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, यंत्र बिघडले किंवा माल साठून राहिला म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण नाव हजेरीपटावर राहते आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. अमेरिकन बातमीतला ले-ऑफ बहुतेकदा काम गेल्याचाच असतो. त्याला आपला शब्द ‘कामगार कपात’. ‘टाळेबंदी’ तर मुळीच नाही. ते मालकाने संघर्षात उचललेले हत्यार आहे. मात्र या योजनेत कामावरून तात्पुरते दूर केलेलेही येत असल्याने मूळ वाक्य पाहूनच शब्द ठरवा.

‘पिटिशन’साठी ‘अर्ज’ लिहा. ‘याचिका’ म्हटले की वाचक कोर्टात पोचतो. हा अर्ज त्याच कारखान्याच्या कामगारांचा गट, त्यांची युनियन, मालक किंवा राज्याची यंत्रणा करू शके. चौकशी केंद्रीय कामगार खाते करी. नकाराविरुद्ध अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दाद मागितली, तर तिथे ‘याचिका’ शोभेल.

‘दाखला’ आणि ‘पात्रता’ वेगळे ठेवा, कारण कामगार नेमके इथेच घसरत. दाखला गटाला मिळे. त्यानंतर प्रत्येकाला राज्याच्या कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागे. शिवाय अर्जाच्या तारखेआधी एका वर्षाहून जुनी कपात दाखल्यात येत नसे.

‘अलाउन्स’ला ‘निर्वाह भत्ता’ लिहू नका, तो आपल्याकडे निलंबित कर्मचाऱ्याला मिळतो. ‘बेरोजगार भत्ता’ही नको, हे पैसे बेकारी विमा संपल्यावर सुरू होत आणि प्रशिक्षणाशी बांधलेले असत. ‘प्रशिक्षणकाळ भत्ता’ बरा. २०१५च्या नियमांत २६ आठवडे विमा, २६ मूळ भत्ता, ६५ वाढीव आणि शिक्षण पुरे करण्यासाठी १३, असे जास्तीत जास्त १३० आठवडे होत. ‘१३० आठवडे भत्ता’ लिहिलेत तर विम्याचे २६ त्यात चुकून जातात.

चौथा प्रतिसाद: क्रियापदाचा काळही सांभाळा. १ जुलै २०२२पासून नवे दाखले देणे थांबले. ज्यांच्याकडे आधीचा दाखला होता, त्यांचे लाभ चालू राहिले. तेव्हा ‘कामगार अर्ज करतात’ असे सरसकट वर्तमानकाळात लिहिले, तर आज कपात झालेला माणूस बंद दारावर जाऊन उभा राहील.