पब्लिक पॉलिसीचं एमए: इथे कुणी माजी विद्यार्थी आहे का?

ऐरोलीची_मी
यंदा राज्यशास्त्रात बीए झालं. पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासाच्या, एमएला नंबर लागलाय. बाबा रोज जेवताना विचारतात, "म्हणजे तू नक्की कोण होणार?" माझ्याकडे उत्तर नाही. माहितीपत्रकात माजी विद्यार्थ्यांचे हसरे फोटो आहेत, सगळे दिल्लीत नाहीतर परदेशात. नवी मुंबईतून रोज ये-जा करून शिकलेलं कुणी आहे का? खरं काय ते सांगा.

कोपरखैरणेकर
मी आहे. पास होऊन सात वर्षं झाली. फोटोतले लोक खरे आहेत, पण ते तुझा फोन उचलणार नाहीत. (एकाने माझा उचलला, "मेल कर" म्हणाला. उत्तराची वाट बघतोय.) तू दोन-तीन वर्षं आधीच्या सिनियरना गाठ. माझं पहिलं काम अशाच एका ताईमुळे लागलं, तेही वाशी स्टेशनवर गाडी लेट होती म्हणून बोलणं झालं तेव्हा.

वर्गातलं निम्मं विसरलो. फील्डवर्क विसरलो नाही. आठवड्यातले दोन दिवस एका महापालिका कार्यालयात, आवक-जावकच्या टेबलाशेजारी स्टुलावर. पंधरा दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिथल्या क्लार्क मॅडमनी डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली आणि बजेटचं पुस्तक उघडून दिलं. "अंदाज काय, कुणीही लिहितं. मागच्या साली प्रत्यक्ष किती खर्च झाले ते बघ." तरतूद भरघोस, आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ! माझा सगळा प्रबंध त्या रेघेवर झाला.

पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची स्थायी समिती असते. तिच्यात 16 सदस्य, पहिल्या वर्षी 8 जण चिठ्ठ्या टाकून बाहेर, हे 1949 च्या महापालिका अधिनियमात वाचताना मला झोप यायची. 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि इथे सगळं प्रशासकाच्या सहीने चालायला लागलं, तेव्हा कळलं ती समिती कशाला असते.

नौपाड्याची_मावशी
बाबांना ठोस काहीतरी सांग गं. राज्य सरकारबरोबर काम करायची मुख्यमंत्री फेलोशिप आहे: वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के, एक वर्षाचा अनुभव. दिल्लीत पीआरएस म्हणून संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिची लॅम्प नावाची फेलोशिप आहे, पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत एका खासदाराबरोबर काम. माझ्या भाचीने केली. तिथे प्रश्न तयार करायचे, भाषणाला माहिती काढून द्यायची. परत आली तेव्हा वजन पाच किलो कमी आणि तोंड दुप्पट चालू.

ऐरोलीची_मी
दादा, त्या रेघेचं बाबांना वाचून दाखवलं. जेवण थांबवून म्हणाले, "मग आधी आपल्या नाल्याचं बघ ना."

कोपरखैरणेकर
बजेट पालिकेच्या साइटवर मिळेल. नाल्याचा तपशील त्यात सापडला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.