आयएसएल 2020-21 चा गुणतक्ता निकालांवरून बांधतोय, नववा-दहावा क्रम उलटा येतोय

काठावरचा_प्रेक्षक

मंडळी, गोव्यात प्रेक्षकांविना झालेल्या 2020-21 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) हंगामाचा तक्ता एक्सेलमध्ये बांधतोय. तयार तक्ता उचलायचा नाही. 110 सामन्यांचे निकाल भरायचे आणि क्रमवारी आपोआप यायला हवी. बरंचसं जमलंय, पण इथे अडलोय:

1. केरळा ब्लास्टर्स आणि एससी ईस्ट बंगाल, दोघांचे 17 गुण. माझ्याकडे केरळा नववा येतो, अधिकृत तक्त्यात दहावा आहे. मी आधी गुण आणि मग केलेले गोल असं सॉर्टिंग लावलंय (23 विरुद्ध 22).
2. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान 40-40. लीग शील्ड (साखळीत पहिल्या आलेल्या संघाची) मुंबईला नेमकी कशावरून मिळाली? गोलफरक +17 आणि +13 होता म्हणून, की आपसातल्या सामन्यांवरून?
3. माझे एकूण गोल 286 येतात, बाकी ठिकाणी 298 दिसतात. 12 गोल कुठे सांडले?
4. उपांत्य फेरीत एफसी गोवा-मुंबई 2-2 आणि 0-0. पहिला सामना गोव्याचा 'होम' होता. मग अवे गोलवर (परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) मुंबईच पुढे जायला हवी होती ना? पेनल्टी शूटआउट कशासाठी?

गोलपोस्टचा_खांब

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे तुमचं काहीच चुकलेलं नाही. 286 हा साखळीचा आकडा. त्यापुढचे उपांत्य आणि अंतिम फेरीचे पाच सामने धरा: गोवा-मुंबई 2-2 (4 गोल), 0-0, नॉर्थईस्ट-मोहन बागान 1-1 (2), मोहन बागान-नॉर्थईस्ट 2-1 (3), अंतिम सामना मुंबई 2-1 (3). झाले 12. शूटआउटचे गोल यात धरत नाहीत. 286 + 12 = 298, 115 सामन्यांत.

आता ताळा. 110 निकाल हाताने भरले की एखादा चुकतोच, म्हणून क्रमवारीला हात लावण्याआधी स्तंभांच्या बेरजा तपासा. विजय 68, पराभव 68, बरोबरीच्या स्तंभाची बेरीज 84, म्हणजे 42 सामने. 68 + 42 = 110. गुणांची बेरीज 68 × 3 + 42 × 2 = 288.

गुण 289 आले तर कुठली तरी बरोबरी विजय म्हणून चढली आहे. 287 आले तर उलट झालंय. 288 येऊनही एखाद्या संघाचे गुण चुकत असतील तर विजय भलत्याच संघाच्या नावावर गेलाय, कारण त्याने बेरीज हलत नाही. आणि 'केलेले गोल = खाल्लेले गोल' यावर फार विसंबू नका. सूत्र नीट असेल तर चुकीचे निकाल भरले तरी ते जुळतं. दोन्हीकडे 286 च यायला हवेत.

संघवार पडताळणीसाठी (विजय-बरोबरी-पराभव, गोल, गुण):

मुंबई सिटी 12-4-4, 35:18, 40
एटीके मोहन बागान 12-4-4, 28:15, 40
नॉर्थईस्ट युनायटेड 8-9-3, 31:25, 33
एफसी गोवा 7-10-3, 31:23, 31
हैदराबाद 6-11-3, 27:19, 29
जमशेदपूर 7-6-7, 21:22, 27
बेंगळुरू 5-7-8, 26:28, 22
चेन्नईयिन 3-11-6, 17:23, 20
एससी ईस्ट बंगाल 3-8-9, 22:33, 17
केरळा ब्लास्टर्स 3-8-9, 23:36, 17
ओडिशा 2-6-12, 25:44, 12

तिसरा, चौथा, पाचवा एकाखाली एक वाचा. तिघांचे पराभव तीन-तीनच, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. एकेक विजय घटतो, एकेक बरोबरी वाढते आणि दर पायरीला दोन गुण गळतात. या हंगामात हरणं तितकंसं महागात पडलं नाही, बरोबऱ्या पडल्या. हैदराबादला 11 बरोबऱ्यांनी पहिल्या चारांच्या, म्हणजे उपांत्य फेरीच्या बाहेर बसवलं, आणि शेवटची तर थेट चौथ्या जागेच्याच लढतीत, गोव्याशी 0-0.

ऑफसाइड_आप्पा

1 आणि 2 चं उत्तर एकच: हेड टू हेड. त्या हंगामात गुण समान झाले की आधी त्या दोन संघांचे आपसातले सामने बघायचे, तिथेही बरोबरी असेल तरच एकूण गोलफरक. केलेले गोल त्याच्याही नंतर. तुम्ही मधल्या पायऱ्या गाळून थेट तळाला उतरलात.

केरळा-ईस्ट बंगाल दोन्ही वेळा 1-1. आपसात काहीच वेगळं नाही, म्हणून गोलफरक: ईस्ट बंगाल -11, केरळा -13. नववा ईस्ट बंगाल. केरळाने एक गोल जास्त केला खरा, पण खाल्ले तीन जास्त.

मुंबईने मोहन बागानला दोन्हीदा हरवलं. 11 जानेवारीला 1-0 (ओग्बेचे), 28 फेब्रुवारीला 2-0 (मुर्तादा फॉल 7 वं मिनिट, ओग्बेचे 39 वं). आपसातले गुण 6 विरुद्ध 0. गोलफरकापर्यंत जायची वेळच आली नाही.

तुमच्या तक्त्यात गोम इथेच आहे. या हंगामात गोलफरकानेही तोच क्रम येतो, त्यामुळे नियम चुकीचा लावला तरी उत्तर बरोबर दिसतं. शेवटच्या सामन्याआधी मुंबई 37 गुणांवर होती, मोहन बागान 40 वर, आणि गोलफरक दोघांचा +15 (33:18 आणि 28:13). मुंबईला कुठलाही विजय पुरत होता, मोहन बागानला बरोबरी. मुंबई त्या जागी आली तीही आदल्याच सामन्यात ओडिशाला 6-1 ने झोडपून. त्याआधी बेंगळुरू (2-4) आणि जमशेदपूर (0-2) यांनी लागोपाठ हरवलं होतं.

सूत्राचं म्हणाल तर असं करा. निकालाच्या प्रत्येक ओळीत यजमानाचे गुण आणि पाहुण्याचे गुण असे दोन स्तंभ असतीलच (3, 1, 0). त्यांच्या पुढे आणखी दोन: यजमान संघाचे हंगामातले एकूण गुण आणि पाहुण्या संघाचे एकूण गुण, तक्त्यातून व्हीलुकअपने (नावावरून आकडा शोधणारं सूत्र) आणलेले. हे दोन आकडे समान असतील ती ओळ 'आपसातली'. मग प्रत्येक संघासाठी फक्त आपसातल्या ओळींतले गुण सम-इफ्सने जोडा, तसाच गोलफरकही. तुमच्या 110 ओळींपैकी बरोबर 4 ओळींवर खूण यायला हवी: मुंबई-मोहन बागान दोन, केरळा-ईस्ट बंगाल दोन. जास्त आल्या तर कुणाचे तरी गुण चुकलेत.

सॉर्टिंग पाच पातळ्यांचं: गुण, आपसातले गुण, आपसातला गोलफरक, एकूण गोलफरक, केलेले गोल. आपसातले गुण मुख्य गुणांत मिळवून एकच आकडा करायचा मोह आवरा. ते मिळवले की व्हीलुकअप पुन्हा त्याच आकड्याकडे बघतो आणि एक्सेल 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून अडून बसतं.

हंगाम अर्धा असताना हे सूत्र चालवू नका. दोघांत एकच सामना झालेला असतो किंवा एकही नाही, आणि क्रम वाटेल तसा उड्या मारतो.

चाचणी: फाईलची प्रत काढा. हंगामाचा पहिला सामना, 20 नोव्हेंबर, केरळा 0-1 मोहन बागान. तिथे 0-9 टाका. मोहन बागानचा गोलफरक +21 होतो, मुंबईच्या पुढे. तरीही मुंबई पहिलीच राहिली तर तुमचं हेड टू हेड चालू आहे. खाली घसरली तर सॉर्टिंगच्या पातळ्या उलट्यापालट्या झाल्यात. खरंखुरं उदाहरण हवं असेल तर स्पेनचा 2006-07 चा हंगाम घ्या: रेआल माद्रिद आणि बार्सिलोना 76-76. गोलफरक रेआलचा +26, बार्सिलोनाचा +45, आणि विजेता रेआल, कारण आपसात 2-0 आणि 3-3.

फातोर्डेकार

चौथ्या प्रश्नाबद्दल. त्या वर्षी 'होम' फक्त कागदावर होतं. अकराही संघ गोव्यातच मुक्कामाला आणि सगळे सामने तीन मैदानांवर: मडगावचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान. मुंबईचं 'घर' बांबोळी होतं! कुणीच प्रवास करून परक्या प्रेक्षकांसमोर जात नव्हतं, तेव्हा अवे गोलला दुप्पट वजन द्यायला अर्थच नव्हता, आणि तो नियम लावलाही नाही. लावला असता तर 5 मार्चच्या फातोर्ड्याच्या 2-2 वर मुंबई 8 मार्चला नव्वद मिनिटांतच पुढे गेली असती. प्रत्यक्षात बांबोळीला 0-0, जादा वेळेतही 0-0, मग शूटआउट. त्यासाठी मुंबईने नेहमीचा गोलरक्षक अमरिंदरला काढून फुर्बा लाचेन्पाला गोलमध्ये उभं केलं. 6-5 ने निकाल लागला, आणि शेवटची पेनल्टी मारली रोलिन बोर्जेसने. तो गोंयकारच. आमच्या जखमेवर मीठ चोळायला मुंबईला माणूसही इथलाच मिळाला.

तसा तो सगळा मुंबई संघच आमच्या ओळखीचा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मुर्तादा फॉल, मंदार राव देसाई, सगळे आधी एफसी गोव्याचे.

तक्त्यासाठी सूचना: 'यजमान' आणि 'मैदान' हे वेगळे स्तंभ ठेवा. यजमानावरून मैदान काढायचं सूत्र इतर हंगामांत चालेल, इथे फसेल. आणि यजमान-पाहुणा असे वेगळे तक्ते काढून 'घरच्या मैदानाचा फायदा' मोजायला जाऊ नका. त्या आकड्यांना इथे काही अर्थ नाही.

काठावरचा_प्रेक्षक

आप्पा, केरळाचं जमलं, 0-9 ची चाचणीही पास. मुंबई जागची हलली नाही. पण आता हैदराबादचे 19 सामने येतायत आणि गुणांची बेरीज 287. शिवाय काही निकालांच्या जागी चक्क '02-जाने' असं दिसतंय.

ऑफसाइड_आप्पा

'02-जाने' म्हणजे तुम्ही एकाच घरात (सेलमध्ये) 2-1 लिहिलंत. एक्सेलला ती तारीख वाटली. 1-1 ची 1 जानेवारी होते, 0-0 मात्र जसाच्या तसा राहतो, कारण शून्य तारखेला शून्य महिना नसतो. नंतर घराचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करून निकाल परत येत नाही, चाळीस हजारांच्या घरातला एक आकडा मिळतो. दोन्ही संघांचे गोल दोन वेगळ्या स्तंभांत लिहा, प्रश्नच मिटेल. ज्यांची तारीख झालीय ते निकाल पुन्हा हाताने भरा.

हैदराबादचा एक सामना गळणं आणि बेरीज एकने कमी येणं या दोन्ही गोष्टी मिळून एकच सांगतात: हैदराबादच्या एका बरोबरीत त्यांचं नाव वेगळं लिहिलं गेलंय. समोरच्या संघाला त्याचा गुण मिळाला, हैदराबादला नाही. बहुतेक नावामागे एक मोकळी जागा राहिली असेल, ती डोळ्यांना दिसत नाही. संघांच्या नावांवर फिल्टर लावा. यादीत अकराऐवजी बारा नावं दिसतील, हैदराबाद दोनदा. ट्रिम वापरून जागा उडवा, आणि पुढच्या वेळी नावं टाइप न करता ड्रॉपडाउन यादीतून निवडा.

गोलपोस्टचा_खांब

बरोबर. 11 बरोबऱ्या असलेल्या संघाच्या बाबतीत हे व्हायचंच होतं.

तक्ता झाल्यावर गोल करणाऱ्यांची यादी करणार असाल तर तिथेही वर बरोबरीच आहे. इगोर अँगुलो (गोवा) 14, रॉय कृष्णा (मोहन बागान) 14. गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) अँगुलोला, कारण त्याची मैदानावरची मिनिटं कमी: 21 सामने विरुद्ध 23. म्हणून त्या यादीत मिनिटांचा स्तंभ लागतो आणि तो चढत्या क्रमाने लावायचा असतो, बाकी सगळं उतरत्या. हे गोल पूर्ण 115 सामन्यांचे आहेत, तुमच्या 110 मधून ते जुळणार नाहीत.

एक स्वयंगोलही वेगळा काढा. अंतिम सामन्यात (13 मार्च, फातोर्डा) मुंबईचा पहिला गोल मोहन बागानच्या तिरीच्या नावावर स्वयंगोल आहे, विजयी गोल बिपिन सिंगचा 90 व्या मिनिटाला. खेळाडूंच्या गोलांची बेरीज संघाच्या गोलांपेक्षा कमी भरली की आधी हे स्वयंगोल शोधा.

फातोर्डेकार

बक्षिसांचा स्तंभ करत असाल तर शील्ड आणि करंडक (अंतिम सामना जिंकणाऱ्याचा) वेगळे धरा. त्या हंगामात शील्डला 50 लाख, करंडकाला 8 कोटी. 20 सामने पहिलं राहण्याचे 50 लाख, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पुढच्याच हंगामात शील्डचे साडेतीन कोटी केले आणि करंडकाचे 6. पण आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीची जागा शील्डलाच होती. मुंबई 2022 मध्ये रियाधला गेली आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून आली, ते याच 40 गुणांवर.

काठावरचा_प्रेक्षक

ट्रिम मारल्यावर बारावं नाव गेलं. हैदराबाद 20 सामने, बेरीज 288, आपसातल्या ओळी 4. आता मिनिटांचा स्तंभ.